गाळ कोण खातो?

गावाचे मैलापाणी एखाद्या उथळ तळ्यात काही दिवस राहू दिले, की जड भाग तळाशी बसतो आणि वरचे पाणी बरेचसे निवळते. हा गाळ रोज येत राहतो, तेव्हा हिशेबाने तळे लवकरच भरायला हवे. प्रत्यक्षात ते फार सावकाश भरते. मग बाकीचा गाळ जातो कुठे? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली, आणि मधल्या काळात ‘गाळ पूर्ण नाहीसा होतो’ अशी घोषणा निदान दोनदा होऊन गेली.

नोव्हेंबर १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा (विजेचा घट करणारा तोच) इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी काठीने चिखल ढवळत होता. वर येणारे बुडबुडे त्याने पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत धरले. तो वायू जळत होता. यालाच आज आपण मिथेन म्हणतो. ओढ्याच्या चिखलावर हा प्रयोग शाळेतही करता येतो, मात्र वायू पेटवून पाहण्याचे काम शिक्षकांनीच, मोकळ्या जागेत करावे.

चिखलात कोणी सजीव हे काम करीत असेल, ही कल्पना तेव्हा कोणाला येणे शक्य नव्हते. ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू असतात, हे पाश्चरने १८६१ मध्ये दाखवले. पुढे वीस वर्षांनी फ्रान्समधल्या मुरास नावाच्या गृहस्थाच्या बंद मैलाटाकीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्यात टाकलेला घन मैला द्रवरूप होऊन बाहेर पडतो, असा दावा होता. तो छापणाऱ्या मुआन्यो या धर्मगुरूने, हे काम पाश्चरच्या त्या जंतूंचे तर नसेल, अशी शंकाही बोलून दाखवली. शंका अगदी बरोबर होती, दावा मात्र फुगवलेला होता.

१८९५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एक्झिटर शहराचे सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन यांनी अशीच टाकी बांधली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. टाकीतल्या वायूवर तिथे दिवे लावले गेले. ही कल्पना मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. महापालिकेचे आयुक्त एकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला १८९० मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला होता. तिथल्या मैलाटाकीतला वायू १८९७ मध्ये गोळा करून वापरात आणल्याची नोंद जगभरच्या बायोगॅसच्या इतिहासात आढळते. समाजाने दूर ठेवलेल्या माणसांच्या वस्तीत हे घडले, याची आठवण मुंबईत फारशी कोणी ठेवलेली नाही.

सेप्टिक टँक गाळाचा प्रश्नच मिटवणार, असे तेव्हा बोलले जाई. ब्रिटिश सरकारने १८९८ मध्ये नेमलेल्या राजआयोगाने दहा वर्षांनी निर्वाळा दिला, की टाकीत गाळाचा काही भागच पचतो, उरलेला काढावाच लागतो.

पण पचवतो कोण? यातला सर्वांत सुरस भाग एका चुकीच्या नावाशी जोडलेला आहे. होरेस बार्कर यांनी १९४० च्या सुमारास मिथेन बनवणारा एक जिवाणू वेगळा केला आणि रशियन शास्त्रज्ञ ओमेलियान्स्की यांचे नाव त्याला दिले. तो अल्कोहोल घेई आणि ॲसिटिक आम्ल व मिथेन देई. पंचवीस वर्षांहून अधिक काळ प्रयोगशाळांनी तो शुद्ध संवर्धन म्हणून वापरला. १९६७ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हा एक जीव नाहीच, हे दोन आहेत! पहिला अल्कोहोलपासून ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन बनवतो. दुसरा तो हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड वापरून मिथेन बनवतो. हायड्रोजन साठला तर पहिल्याचे काम थांबते. म्हणजे दुसऱ्याचे अन्न हाच पहिल्याचा कचरा, आणि तो उचलला गेला तरच पहिला जगतो. पुढे १९७७ मध्ये त्याच विद्यापीठातल्या कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवले, की मिथेन बनवणारे हे जीव नेहमीचे जिवाणू नसून सजीवांची एक निराळीच शाखा आहे. तिला आज आर्किया म्हणतात.

तळ्याच्या तळाशी अशी लांब साखळी चालते. आधीचे जिवाणू गाळाची आम्ले करतात, ते भराभर वाढतात. शेवटचे मिथेनवाले सावकाश वाढतात आणि आम्लता त्यांना सोसत नाही. तळ्यावर एकदम जास्त भार टाकला की आम्ल साठते, मिथेन थांबते आणि दुर्गंधी सुटते. तापमान पंधरा अंशांच्या खाली गेले तरी काम जवळपास बंद पडते. थंड प्रदेशातल्या तळ्यांत हिवाळ्यात गाळ नुसता साठतो, आणि वसंतात वायूच्या बुडबुड्यांनी त्याचे गोळे वर तरंगू लागतात. आपल्याकडची ऊब इथे कामी येते. नागपूरच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (आजची नीरी) भारतीय हवामानासाठी अशा तळ्यांची मार्गदर्शक पुस्तिका १९७० मध्ये काढली, ती याच आधारावर.

हल्ली ‘गाळ खाणाऱ्या जिवाणूंच्या’ पुड्या विकल्या जातात. आम्हाला त्यांचा फारसा भरवसा वाटत नाही. हे जीव मैलापाण्यातून आपोआप येतातच. नवे तळे सुरू करताना जुन्या तळ्यातला थोडा गाळ टाकला तर जम लवकर बसतो, हे खरे. पण वाळू, माती, जड धातू यांना कोणताच जिवाणू खात नाही, आणि जंताची अंडी गाळात वर्षानुवर्षे टिकतात.

उष्ण प्रदेशातल्या तळ्यांच्या आराखड्यात, पचून उरणारा गाळ माणशी वर्षाला सुमारे चाळीस लिटर धरतात. दहा हजार वस्तीच्या गावासाठी हा आकडा होतो चारशे घनमीटर. तळे एक तृतीयांश भरले की तो उपसायचा असतो. हा खर्च अंदाजपत्रकात न धरता ‘जिवाणू बघून घेतील’ म्हणून सोडून दिला, तर शेवटी कोणाला तरी त्या गाळात उतरवले जाते. सेप्टिक टाक्यांत नेमके हेच होत आले. हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजनचा अभाव यांनी तिथे माणसे गुदमरून मेली. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत वा गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली, तरी त्यानंतरही असे मृत्यू झाले आहेत.