कॅम्प नंबर आणि गाळा नंबर

आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी गिरगावातल्या चाळीच्या भाडेपावत्या होत्या. चाळ मोडकळीला आली म्हणून 1979 साली आम्हाला ‘थोड्या दिवसांसाठी’ संक्रमण शिबिरात हलवले. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. दहावी तिथूनच झालो आणि आई गेली तीही त्याच गाळ्यात. पावत्या तिने शेवटपर्यंत का सांभाळल्या, हे समजून घेताना मी या विषयाकडे वळलो.

उत्तर 1969 च्या कायद्यात सापडते. मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्यांची दुरुस्ती किंवा पुनर्रचना करायची, ही त्यामागची कल्पना होती. काम होईपर्यंत रहिवाशांनी शिबिरात राहायचे. भाडेकरूचा हक्क मात्र जुन्या जागेशीच बांधलेला राहिला. शिबिरातला गाळा केवळ आसरा. पण भूखंड अरुंद निघाला किंवा रस्तारुंदीत गेला, तर परतायचे कुठे? अशांसाठी पुढे ‘मास्टर लिस्ट’ आली. दरम्यान मुखत्यारपत्रांवर गाळे विकले गेले, काही ठिकाणी घुसखोरी झाली. शेवटी सरकारने शिबिरातल्या माणसांची अ, ब, क अशी वर्गवारी केली: मूळ रहिवासी, खरेदीदार आणि घुसखोर.

याच्या शेजारी उल्हासनगर ठेवून पाहावे. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवले गेले. 1949 मध्ये वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकी तात्पुरत्याच होत्या. पण 1954 च्या विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसन कायद्याने, दाव्यापोटी किंवा किंमत भरून, त्या राहणाऱ्याच्या नावावर होऊ शकल्या. तिथे पुढे बेकायदा बांधकामांचे प्रश्न उभे राहिलेच. तरीही बराकीत आलेल्या माणसाला सनद मिळण्याची वाट होती. ‘कॅम्प नंबर चार’ हा आज नुसता पत्ता उरला आहे.

दोन्हीकडची घरे तात्पुरतीच बांधलेली. फरक पडला तो कागदाने. आज कारखान्यात तयार झालेल्या भिंती जोडून थोड्या काळात वस्ती उभी करता येते आणि चर्चा होते ती खर्चाची, वेगाची. परतीची तारीख कोणती आणि परतणे जमलेच नाही तर राहत्या घरावर हक्क कोणाचा, हे आधी लिहून ठेवायला हवे.

आईला कायदा वाचता येत नव्हता. पण गाळ्याला रोज झाडलोट करूनही आपले घर त्या पावत्यांतच आहे, हे तिला नेमके कळले होते.