शर्यतीपूर्वीची उलटतपासणी

शक्ती मोजल्याखेरीज सिद्ध होत नाही, असे यंत्रशास्त्र म्हणते; साक्ष उलटतपासणीत टिकल्याखेरीज ग्राह्य होत नाही, असे आमचा व्यवसाय आम्हांस शिकवितो. शर्यतीच्या मोटारीस शर्यतीपूर्वी लोखंडी रोलरांवर चढवून तिचे खरे बळ तिच्याकडून वदवून घेण्याची जी क्रिया आहे, तीत ही दोन्ही शास्त्रे एकत्र येतात. या मापनयंत्राचे पूर्ण नाव डायनॅमोमीटर. तरुण मंडळी त्यास नुसते 'डायनो' म्हणतात, आणि पेडणे-डिचोलीकडेही हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. शब्द रुळला, परंतु त्यामागचा दोनशे वर्षांचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. तो येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे. आणि या इतिहासाचे एक टोक धारगळच्या महामार्गापर्यंत येऊन पोचते, हेही ओघाने दिसेल.

'अश्वशक्ती' हे परिमाण मुळात व्यापाऱ्याच्या गरजेतून निघाले. जेम्स वॉट यास आपले वाफेचे यंत्र खाणवाल्यांस आणि दारूच्या भट्टीवाल्यांस विकावयाचे होते. गिऱ्हाईक विचारी की, हे यंत्र माझे किती घोडे वाचवील? तेव्हा एका घोड्याने एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलावे, असे माप त्याने ठरविले. पुढे मेट्रिक पद्धतीत दर सेकंदास ७५ किलो वजन एक मीटर उचलणे, ते एका अश्वशक्तीइतके मानले गेले. माप ठरले, तरी यंत्र तेवढे काम खरोखर करते की नाही, हे पाहावयाचे कसे? फ्रान्समधील अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ साली त्याची युक्ती काढली. फिरत्या दांड्याभोवती लाकडी पकड आवळावयाची, पकडीस लांब दांडी जोडावयाची, आणि दांडीच्या टोकास वजने टांगून तोल साधावयाचा. यंत्राचे सारे बळ घर्षणात जळून जाते आणि टांगलेले वजन त्याचा आकडा सांगते. मोटारीच्या माहितीपत्रकांतून आजही आढळणारा 'ब्रेक हॉर्सपॉवर' हा शब्द या पकडीचाच वंशज होय. जहाजांची यंत्रे मोठी झाली तसे लाकूड जळू लागले. तेव्हा इंग्लंडच्या विल्यम फ्रूड याने १८७७ साली घर्षणाचे काम पाण्याकडे सोपविले. विजेच्या प्रवाहाने आणि रोलरांनी चालणारे डायनो ही त्यापुढची पिढी.

आता टर्बोकडे वळू. इंजिनाच्या धुराबरोबर पुष्कळशी शक्ती वाया जाते. तो धूर एका चक्रावर सोडावा, त्या चक्राने दुसरे चक्र फिरवावे, आणि त्या दुसऱ्या चक्राने इंजिनात अधिक हवा कोंबावी, ही कल्पना स्वित्झर्लंडचा आल्फ्रेड ब्यूखी याची. तिचे पेटंट १९०५ चे. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जाळता येते, म्हणून बळ अधिक. कल्पना सोपी, पण ती व्यवहारात उतरण्यास वीस वर्षे गेली. 'प्रॉयसेन' व 'हान्सेश्टाट डान्त्सिग' या दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांचे बळ या युक्तीने १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेले, तेव्हा जगाची खात्री पटली.

मध्यंतरी १९१८ साली अमेरिकेत एक विलक्षण परीक्षा झाली. उंचावर हवा विरळ, म्हणून विमानाचे इंजिन तेथे दुबळे पडते. सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने 'लिबर्टी' नावाचे विमानाचे इंजिन मापनयंत्रासह एका ट्रकवर बांधले, आणि ट्रक कोलोरॅडोतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेला. समुद्रसपाटीस ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले. टर्बो जोडताच ३५६ वर गेले. मॉसने यंत्रास प्रयोगशाळेत बसून प्रश्न विचारले नाहीत. ज्या हवेत यंत्राने काम करावयाचे त्या हवेत नेऊन विचारले. या लेखातील पुढच्या हकीकतीत नेमके हेच राहून गेले.

अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे दरवर्षी ५०० मैलांची शर्यत होते. अडीच मैलांच्या वर्तुळाकार मार्गावर २०० फेऱ्या. कोलंबस गावच्या कमिन्स कंपनीस या शर्यतीचे जुने वेड. १९३१ साली तिच्या डिझेल मोटारीने इंधनासाठी एकदाही न थांबता ५०० मैल पुरे केले होते. १९५२ साली कंपनीने ६.६ लिटरचे डिझेल इंजिन घेतले, गाडी बुटकी व्हावी म्हणून ते जवळजवळ आडवे निजविले, आणि त्यास टर्बो जोडला. या शर्यतीत उतरलेली ही पहिली टर्बो मोटार. फ्रेड आगाबाशियन या चालकाने पात्रता-फेऱ्यांत ताशी १३८ मैलांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर, असा सरासरी वेग गाठून सर्वांत पुढची जागा पटकाविली. ट्रकसाठी इंजिने बनविणाऱ्या कारखान्याची डिझेल गाडी पेट्रोलच्या नामांकित गाड्यांच्या पुढे उभी राहिली, याचा केवढा गाजावाजा झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

शर्यतीच्या दिवशी, ३० मे रोजी, ७१ फेऱ्यांनंतर ती गाडी बाहेर पडली. इंजिनाने दगा दिला नाही, डिझेलनेही नाही. हवा आत घेण्याचे तोंड गाडीच्या नाकाशी, रस्त्यालगत होते. तेहतीस गाड्यांच्या टायरांचे झिजून उडणारे रबराचे कण त्या तोंडाने आत शिरत गेले आणि टर्बोचा घसा बुजला. हवेवर जगणारे यंत्र हवेवाचून गुदमरले. मापनाच्या खोलीत हवा स्वच्छ असते. पात्रता-फेरीत मार्गावर गाडी एकटी धावते. दोन्ही परीक्षांत पुढच्या गाडीचे रबर कोणी विचारले नव्हते. न्यायालयात आम्ही असे साक्षीदार पुष्कळ पाहिले आहेत: विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खरे देतात, आणि तरीही खटला न विचारलेल्या प्रश्नावर जातो.

या कथेचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल, म्हणून सांगतो. बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे लोखंडी नांगराकडे वळले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. नंतर पुण्यास १९४६ साली त्यांच्या घराण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. याच घराण्याने १९६२ साली, म्हणजे त्या रबराच्या कणांनंतर अवघ्या दहा वर्षांनी, त्याच कमिन्स कंपनीशी भागीदारी करून पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स उभी केली. १९९७ नंतर ती कमिन्स इंडिया या नावाने चालते. कारखान्यातून निघणारे इंजिन ब्रेकवर चढवून, आकडा घेऊन मगच बाहेर पाठवावयाचे, ही शिस्त अशा कारखान्यांनी मराठी मुलखात अंगवळणी पाडली.

डिचोलीच्या वाचकांस तर धुळीचा धडा निराळा शिकविण्याची गरज नाही. खनिज वाहणाऱ्या टर्बो डिझेल ट्रकांची रांग आणि घरांच्या कौलांवर बसलेली तांबडी धूळ त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली. ती धूळ गाळणीतून निसटून टर्बोच्या पात्यांपर्यंत पोचली, तर मिनिटास लाखभर फेरे घेणारी पाती झिजावयास वेळ लागत नाही. डिचोलीचा मेस्त्री ट्रक आला की आधी हवेची गाळणी काढून झटकतो. इंडियानापोलिसला १९५२ साली हा मेस्त्री असता, तर निकाल बदलता असे आम्ही म्हणणार नाही. पण गाडीचे नाक पाहून त्याने भुवई नक्की वर केली असती.

आजची पद्धत अशी. गाडी पट्ट्यांनी जखडून तिची चालती चाके रोलरांवर ठेवतात, समोर मोठा पंखा लावतात, आणि एका ठरावीक गिअरमध्ये इंजिन सावकाश गतीपासून कमाल गतीपर्यंत पळवितात. संगणक वक्ररेषा काढतो. मग गाडीच्या संगणकातील आकडे थोडे थोडे बदलीत जावयाचे: टर्बोचा दाब किती, ठिणगी किती आधी, इंधन किती. पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने १४.७ पट हवा लागते; पण दाबाखालच्या इंजिनात उष्णता आवरण्यासाठी हे प्रमाण बाराच्या आसपास आणतात. ठिणगी फार आधी पडली किंवा हवा फार तापली की इंजिन 'नॉक' करते, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून पिस्टनवर हातोडे बसतात. दोन-चार अश्वशक्तींच्या लोभाने अख्खे इंजिन गमाविणारे थोडे नाहीत. जाणता मेस्त्री म्हणूनच सर्वांत मोठ्या आकड्यावर न थांबता त्याच्या थोडा अलीकडे थांबतो.

येथे आमच्या हवामानाचाही प्रश्न येतो. मे महिन्यातील गोव्याची उष्ण, दमट हवा विरळ असते. तिच्यात मिळालेला आकडा २५ अंशांच्या प्रमाण हवेशी जुळवून घेण्याचे गणित संगणक करतो. परंतु टर्बो गाडी हवेची उणीव स्वतःच काही अंशी भरून काढते. म्हणून या गणिताने तिचा आकडा खऱ्याहून फुगण्याचा संभव असतो. उलट पंख्याचा वारा रस्त्यावरील वाऱ्याची बरोबरी करीत नाही, म्हणून लागोपाठ चार-पाच परीक्षांत हवा थंड करणारी जाळी तापून आकडा खाली येतो. एकच गाडी, एकच दिवस, आणि साक्षी दोन! एका कागदावरील एका आकड्यावरून पैज लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मापनयंत्रच अपुरे पडल्याचेही उदाहरण आहे. १९८० नंतरच्या दशकात फॉर्म्युला वन शर्यतीसाठी बीएमडब्ल्यूने केवळ दीड लिटरचे टर्बो इंजिन केले. त्याचे पात्रता-फेरीतील खरे बळ किती, हे त्या कारखान्यासही नक्की सांगता आले नाही, कारण त्यांचा डायनो १,२८० अश्वशक्तीच्या पुढे मोजीतच नव्हता. नियम करणाऱ्यांनी १९८९ पासून त्या शर्यतीत टर्बोवर बंदी घातली. ती २०१४ साली नव्या नियमांनी उठली.

आता धारगळ. कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरले की राष्ट्रीय महामार्ग ६६ वर धारगळ लागते. येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्था झाली, जवळच मोपाचा विमानतळ झाला; दोहोंचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मधले. विमानतळाकडे जाणारा रुंद रस्ता याच गावातून फुटतो. रुंद आणि सरळ रस्ता पाहिला की डायनोवरचा आकडा 'खरा करून' पाहण्याची इच्छा काहींस होते. एके काळी मद्रासजवळ शोलावरमला आणि मुंबईस जुहूला धावपट्टीवरच शर्यती होत. तेथे मार्ग बंद असे; समोरून भाजीची टोपली घेऊन कोणी येत नसे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८९: राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत वा वेगाची चाचणी केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, पुनश्च केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, अथवा दोन्ही. कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मर्यादा घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादा काटेकोर पाळण्यास सांगितले. गाडीच्या संगणकातील आकडे बदलणे हा 'रचनेतील बदल' होतो काय, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल. आमच्या मते ज्या बदलाने गाडीचे बळ आणि धूर दोन्ही बदलतात, तो केवळ डोळ्यांस दिसत नाही म्हणून सुटू नये.

पण दंड आणि कैद ही या प्रकरणातील किरकोळ बाब होय. अपघातात दुसऱ्या कोणास इजा झाली, तर भरपाई विमाकंपनीने द्यावी, असा सामान्य नियम आहे. त्या नियमास विमाकंपनीकरिता जे मोजके बचाव कायद्याने ठेवले आहेत, त्यांत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी गाडी वापरली, हा एक आहे. पॉलिसीतही ही अट असते. न्यायालये कित्येकदा कंपनीस आधी रक्कम भरावयास लावून ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात; परंतु तसे झाले नाही तर ज्याचा हात-पाय गेला, त्यास मालकाच्या खिशाकडे पाहावे लागते. आणि पंचविशीतल्या मालकाच्या खिशात कर्जाने घेतलेल्या गाडीखेरीज काय असते? डायनोच्या कागदावर रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाचा रकाना नाही.

ज्यास खरोखर शर्यत करावयाची आहे, त्यास मार्ग मोकळा आहे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचा परवाना काढावा, गाडीची तपासणी करून घ्यावी, आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई किंवा कोइंबतूरच्या बंद मार्गावर जावे. एकाच जातीच्या गाड्यांच्या शर्यतींत तर इंजिनास मोहोर लावलेली असते, आणि डायनोचा उपयोग बळ वाढविण्यासाठी नव्हे, तर सर्वांचे बळ सारखे आहे हे पाहण्यासाठी होतो. धारगळहून ही ठिकाणे शेकडो किलोमीटर दूर आहेत, आणि शर्यतीची गाडी तेथे ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. भाडे परवडत नसेल तर तिघाचौघांनी मिळून ट्रक करावा.