उभ्या गाडीतील वीजगळती कशी शोधावी?

रात्री व्यवस्थित चाललेली मोटार सकाळी सुरूच होत नाही. किल्ली फिरवताच नुसता 'टक टक' आवाज येतो आणि डॅशबोर्डवरील दिवे मंदावतात. जंपर केबल लावून गाडी सुरू केली, तरी दोन-तीन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. अशा वेळी बरेच वाहनधारक नवी बॅटरी बसवून मोकळे होतात. मात्र दोष वायरिंगमध्ये असेल तर नवी बॅटरीही तशीच उतरते आणि चार-पाच हजारांचा भुर्दंड वाया जातो.

बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटचे कुलूप आणि संगणकीय यंत्रणेची स्मृती यांना थोडी वीज लागतेच. साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह स्वाभाविक मानला जातो. ३५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतून ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहिला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. दोन आठवड्यांत ती निम्मी होते. २०२०च्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या निर्दोष गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, त्या याच कारणाने. प्रवाह ३०० मिलिअँपिअर असेल तर मात्र अडीच दिवसांतच बॅटरी निम्मी होते. वारंवार अशी उतरलेली बॅटरी आतील पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर घट्ट बसून कायमची निकामी होऊ शकते.

तपासणीपूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी. काही तास विसावलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. केबल सोडवून ठेवलेली बॅटरीही उतरत असेल, तर दोष तिचाच. तसे नसल्यास गळतीचा शोध घ्यावा.

त्यासाठी १० अँपिअरपर्यंत मोजणारा मल्टिमीटर लागतो. सर्व उपकरणे बंद करून किल्ली काढावी. रिमोट गाडीपासून दूर ठेवावा. फ्यूजपेटी आत असल्यास दार उघडे ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणावी, म्हणजे दार बंद असल्याची गाडीची समजूत होते. मग बॅटरीची ऋण केबल सोडवून ती केबल आणि ऋण टोक यांच्यामध्ये मीटर जोडावा. जोडणीनंतर काही काळ आकडा मोठा दिसतो, कारण संगणकीय यंत्रणा जाग्या असतात. त्या झोपी जाण्यास अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून अधिक वेळ लागतो. घाईने निष्कर्ष काढण्याची चूक नेमकी येथेच होते.

त्यानंतरही आकडा मोठा राहिला, तर एकेक फ्यूज काढून मीटर पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा एकदम घसरतो, त्या मंडलात गळती आहे. ते मंडल कोणते, हे फ्यूजपेटीच्या झाकणावरील तक्त्यात समजते. डिकीतील न विझणारा दिवा, चिकटलेला रिले आणि बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर हे नेहमीचे संशयित होत. सर्व फ्यूज तपासूनही फरक पडला नाही, तर अल्टरनेटरमधील बिघडलेला डायोड किंवा थेट बॅटरीला जोडलेली वायर तपासून घ्यावी.

मीटर जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये. मीटरचा फ्यूज उडतो. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नये. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने जवळ ठिणगी वा सिगारेट नसावी. हायब्रिड आणि विद्युत मोटारींतील नारिंगी केबल तर प्रशिक्षित तंत्रज्ञांवरच सोपवाव्यात.

हे सारे स्वतः करणे जमणार नसेल, तरी गॅरेजमध्ये एक प्रश्न अवश्य विचारावा : बंद गाडीत प्रवाह किती मिलिअँपिअर भरला? हा आकडा मिळाल्याखेरीज नव्या बॅटरीसाठी पैसे मोजू नयेत.