लोकप्रिय कादंबरीकार नाथमाधव

कादंबरी हाती घेतल्यावर टीकाकार तिच्यातील स्वभावरेखन व संभाव्यता पाहतो. सामान्य वाचक मात्र ‘पुढे काय झाले?’ एवढेच विचारतो. ह्या प्रश्नास वीस वर्षे अखंड उत्तर देत राहिलेले लेखक म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे ऊर्फ नाथमाधव होत.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईस झाला. शालेय शिक्षण बेताचेच. पुढे कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. शिकारीचा नाद मात्र दांडगा. त्या नादापायी १९०५ मध्ये सिंहगडावर गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. ऐन विशीत आलेल्या ह्या पंगुत्वात त्यांना ग्रंथांनी सोबत केली. वाचनातून लेखनाची ऊर्मी आली, आणि १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

त्यानंतर लेखणी थांबली नाही. ‘वीरधवल’मध्ये (१९१३) त्यांनी अद्भुताचा दरबार भरविला, ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’मध्ये रहस्याचे जाळे विणले, तर ‘डॉक्टर’मध्ये सामाजिक प्रश्न हाताळले. १९२१ मध्ये ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ करून त्यांनी शिवकालावरील कादंबऱ्यांची मालाच आरंभिली. लोकमान्यांच्या निधनास तेव्हा वर्षच लोटले होते. परक्या अमलाखाली ‘स्वराज्य’ हा शब्द कादंबरीच्या मुखपृष्ठावर वाचणे, ह्यातही वाचकांस एक समाधान होतेच.

त्यांच्या लेखनात दोष नाहीत असे नव्हे. योगायोग फार, सज्जन अतिसज्जन आणि दुर्जन अतिदुर्जन. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतील मनोविश्लेषण येथे शोधू नये. परंतु लोकांची रसवृत्ती केवळ पंडितांच्या मापाने मोजता येत नाही. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे मिळून पूर्वीचा चांदा जिल्हा. तेथील झाडीपट्टीत सुगीनंतर रात्ररात्र रंगणारी नाटके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस कथानकाच्या ओढीचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. वाचनाची गोडी प्रथम लागते ती अशाच कथांनी. गंभीर ग्रंथांकडे वाचक वळतो तो मागाहून.

२१ जून १९२८ रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, नाथमाधव निवर्तले. ज्यांस स्वतःस पुन्हा गड चढणे शक्य नव्हते, त्यांनी सहस्रावधी वाचकांस शिवरायांच्या गडकोटांवरून हिंडवून आणले. वाङ्मयेतिहासात त्यांच्यासाठी चार ओळी राखताना ह्या ऋणाचा विसर पडू नये.