धाराशिवकरांची दरबारी उर्दू

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रोज घटकाभर बोट फिरवून परभाषा अस्खलित बोलता येते काय, हा प्रश्न अलीकडचा वाटतो खरा. २०१२ साली सर्वांना खुले झालेले डुओलिंगो आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने बावीस भाषांतील नित्याच्या वाक्यांसाठी काढलेले ‘भाषा संगम’ या ॲप्सनी तो घरोघर नेला आहे. परंतु ज्या जिल्ह्यातील माणसांनी अवघ्या तीन-चार पिढ्यांमागे घरी कोणी न बोलणारी भाषा क्रमिक पुस्तकातून गिरवली आणि तीत कज्जे लढविले, अर्ज गुदरले व दाद मागितली, त्या धाराशिव जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही.

धाराशिव ज्यात मोडत असे त्या हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसी मागे पडून उर्दू ही सरकारी भाषा झाली. प्रजेत मराठी बोलणारे सुमारे चतुर्थांश आणि उर्दू बोलणारे दशांशाच्या आसपास. तथापि अव्वल तालुकदाराच्या कचेरीपासून मुन्सिफाच्या न्यायासनापर्यंत मिसल चालायची ती उर्दूत. जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून धाराशिवला आले, पुढे गावाला सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून उस्मानाबाद हे नाव मिळाले, आणि १९१८ मध्ये त्यांच्याच नावे स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू ठरवून ग्रंथांच्या भाषांतरासाठी स्वतंत्र खाते चालविले. मराठी घरातला मुलगा प्राथमिक वर्ग ओलांडून वर गेला, की भूमितीचा सिद्धान्तही त्याला बहुधा उर्दूतूनच पाठ करावा लागे.

या शिक्षणाने काय साधले? अक्षरे साधली, शब्द साधले, वाक्याची घडण डोळ्यांना परिचित झाली. आणि हे थोडे नव्हे, कारण ज्याला लिपीच ठाऊक नाही त्याला समन्स आणि फैसला सारखेच. पण शाळेतील शुद्ध, आदबशीर उर्दू घेऊन तो मुलगा बाजारात उतरला, की अत्ताराच्या दुकानी त्याच्या कानी पडे ती दखनी, जिने शतकानुशतके मराठीच्या शेजारी नांदून तिचे कितीतरी शब्द आणि लकबी उचलल्या होत्या आणि जिचा पुस्तकात मागमूसही नव्हता. कचेरीत पुन्हा तिसरीच तऱ्हा. तेथील बोली अर्ध्याहून अधिक ठराविक वचनांची, अदबीची आणि गर्भित अर्थांची असल्यामुळे, पेशकाराने तारीख पुढे ढकलली ती खरोखर कामाच्या गर्दीमुळे की आणखी कशासाठी, हे ओळखण्याइतकी भाषा ज्याला येई तोच तीत निष्णात. आणि ती निष्णातता वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करताना, चुकीचा शब्द वापरून भर कचेरीत हसे करून घेताना येत असे. जेथे उत्तर तत्काळ द्यावेच लागते आणि चुकल्यास नुकसान होते, तेथे जीभ सुटते. पडद्यावरील खेळात चुकल्याने खरे नुकसान काहीच होत नाही!

अर्थात याचा अर्थ सक्तीची भलामण असा कोणी करू नये. जी मुले या माध्यमापायी शाळेतून गळाली त्यांचा हिशेब अस्खलित वकिलांच्या नामावळीत लागत नाही; आणि याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली, जिचे मुख्याध्यापकपद पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी सांभाळले, ती काही हौसेखातर निघाली नव्हती.

सेतुमाधवराव पगडींचे उदाहरण येथे फार बोलके आहे. त्यांचा जन्म १९१० चा, निलंग्याचा. ते गाव पुढे बरीच वर्षे उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि १९८२ पासून लातुरात आहे. उर्दू-फारसीचा हा व्यासंगी पुरुष निजामाच्या महसुली सेवेत आदिलाबादकडे गेला, तेव्हा त्याची गाठ गोंडीशी पडली. गोंडांमध्येच राहून त्यांनी ती भाषा शिकली आणि नंतर तिचे व्याकरण लिहिले. म्हणजे आधी संभाषण, मागाहून पुस्तक! तुळजापुरात तर आजही पुस्तकाची पायरी लागत नाही. कर्नाटकातून भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या यजमानांशी कानडीत बोलणाऱ्या पुजाऱ्याला ती कोणत्या वर्गात शिकलात असे विचारल्यास तो प्रश्नच त्याला चमत्कारिक वाटेल.

मग ही ॲप्स निरर्थक का? माझे मत तसे नाही. जुन्या क्रमिक पुस्तकाचे काम ती करतात, आणि उच्चार ऐकवण्याची सोय असल्याने काकणभर सरसच करतात. दोष आहे तो आरंभालाच पारंगतता म्हणून विकण्यात.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा अंमल संपला, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि उर्दूची सरकारी गरज सरली. ती शिकण्याची ईर्ष्याही मग एका पिढीतच मावळली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले, निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार शोधावे लागले. कारकुनांच्या शिकस्ता वळणात अक्षरे मोडून, एकमेकांत गुंतवून लिहिलेली असतात. पडद्यावर सुबक छापील अलिफ-बे गिरवलेल्या होतकरूला तो कागद वाचायचा तर त्याला अजूनही एखाद्या जुन्या वाचकाशेजारी बसावे लागते.