फावा शेंगा, हिवताप आणि सार्डिनियाचे रक्त

भूमध्य समुद्रातील सार्डिनिया बेटावर वसंत ऋतूत फावा शेंगांचा हंगाम सुरू झाला की खेड्यापाड्यांतील काही मुले, आणि त्यांतही बहुतांशी मुलगे, हिरवे कोवळे दाणे खाल्ल्यानंतर दिवस-दोन दिवसांत पांढरीफटक पडत, त्यांचे डोळे पिवळे होत, लघवी काळपट होई आणि काही मुले दगावतही. या आजाराला फाविझम म्हणतात. उत्तर भारतात बाकला या नावाने ओळखली जाणारी ही शेंग आपल्याकडील वाल, पावटा किंवा घेवडा यांहून निराळ्या वनस्पतीची आहे. पायथागोरसने आपल्या अनुयायांना ती वर्ज्य केल्याची परंपरा प्राचीन असून, त्या निषेधामागे हाच आजार असावा असे अनेकांनी सुचवले आहे. तथापि प्राचीन लेखक त्याची धार्मिक कारणेही देतात, त्यामुळे हा केवळ तर्कच मानणे उचित ठरते.

आजाराचे मूळ सापडले ते मात्र शेंगांच्या नव्हे, तर हिवतापाच्या औषधाच्या अभ्यासातून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालू होते, आणि प्रायमाक्वीन दिल्यावर काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटत असल्याचे तेथे आढळले. 1956 मध्ये पॉल कार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अशा व्यक्तींच्या तांबड्या पेशींत ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, संक्षेपाने जी-6-पीडी, हे विकर, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, कमी पडते. हे ज्ञान मोलाचे खरे, पण बंदिवानाने दिलेल्या संमतीला स्वातंत्र्याचे बळ नसते, हे त्याचा इतिहास लिहिताना नोंदवलेच पाहिजे.

हे विकर तांबड्या पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून सावरते. फावाच्या दाण्यांतील व्हिसिन आणि कॉनव्हिसिन या द्रव्यांपासून पोटात जे पदार्थ तयार होतात ते नेमका हाच मारा करतात, आणि विकराचे बळ अपुरे असलेल्या पेशी तो सोसू शकत नाहीत. संबंधित जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे ते गुणसूत्र एकच असल्याने सदोष प्रतीची उणीव भरून काढणारी दुसरी प्रत त्याच्याजवळ नसते. तरीही जनुकात दोष असलेला प्रत्येक जण शेंगा खाऊन आजारी पडतोच असे नाही. एका हंगामात त्या निर्धोक पचवलेले मूल पुढच्या हंगामात आजारी पडल्याचेही दिसते.

इतका घातक दोष पिढ्यानपिढ्या टिकला कसा, याचे उत्तर सार्डिनियाच्याच भूगोलात मिळाले. हिवतापाने पोखरलेल्या सखल गावांत हा दोष अधिक, तर डोंगरावरील गावांत कमी, असे 1960 च्या सुमारास झालेल्या पाहण्यांत दिसून आले. हिवतापाचा परजीवी अशा पेशींत नीट वाढत नाही, म्हणून त्या काळी हा दोष जीव वाचवणाराही होता. 1946 ते 1950 या काळात डीडीटीच्या मोहिमेने बेटावरील हिवताप हटवला, पण रक्तातील वारसा मागे राहिला.

या वारशाचा मुंबईशीही संबंध आहे. 1963 मध्ये बक्षी, संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी समाजात जी-6-पीडीची उणीव आढळल्याचे प्रसिद्ध केले. भारतात प्रश्न शेंगांपेक्षा औषधाचा अधिक आहे, कारण यकृतात दडून बसणाऱ्या व्हायवॅक्स हिवतापावर आजही प्रायमाक्वीनच दिले जाते, आणि ते देण्यापूर्वी रक्त तपासणे किती अगत्याचे आहे हे या इतिहासावरून उघड व्हावे.

सार्डिनियाच्या उत्तर भागात 1970 च्या दशकापासून नवजात बालकांची तपासणी सुरू झाली आणि दोष आढळल्यास फावा शेंगा व ठरावीक औषधे टाळण्याची माहिती पालकांना दिली जाऊ लागली. त्यानंतर, जनुक होते तसेच असूनही, तेथील फाविझमचे रुग्ण लक्षणीयरीत्या घटले.