आठवड्याची पंगत

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर वाशिष्ठीची खाडी आणि पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड दिसतो. पंधराव्या शतकात या खाडीत दूरदूरची गलबते नांगर टाकीत. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी हिंदुस्थान सोडून परत निघाला, तो याच बंदरातून. १५०८ साली पोर्तुगिजांनी हे शहर जाळले. अशा या बंदरात हिंदू, मुसलमान आणि परमुलखातले व्यापारी शेजारी शेजारी उभे राहून सौदा करीत. पण दुपारी भूक लागली की जो तो आपापल्या वाटेने जाई. सौदा एकत्र, पंगत वेगळी! आपल्या देशाचा हा शतकानुशतकांचा रिवाज.

तुम्ही म्हणाल, जेवणाचा कसला आलाय इतिहास? पण आठवून पाहा. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. एकत्र बसून खाणे हा तिचा एक विधी; पण तो बंद दाराआड. १८६० साली सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याच्या धाकाने मंडळी पांगली आणि सभा मोडली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचे निमित्त झाले आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. नुसत्या चहापायी, बरं का!

आता थोडे लांब जाऊ. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्या माणसांना जमवले. एक खाण-इंजिनीअर, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. मोठ्या शहरात माणूस एकटा पडतो. गावातल्यासारखा जिव्हाळा इथेही असावा, एवढाच हेतू. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बसायचे, म्हणून फिरत्या बैठकीवरून नाव पडले रोटरी. माणसे वाढली, कचेरी अपुरी पडू लागली, तेव्हा बैठक हॉटेलात गेली आणि जेवणाशी जोडली गेली. लवकरच मंडळींनी पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले. ते कोणते? शहरात सार्वजनिक शौचकूप बांधवून घेण्याचे!

या बैठकीची रीत साधी, पण शिस्त कडक. ठरलेला वार, ठरलेली वेळ. घंटा वाजते, जेवण होते, एखादा पाहुणा आपल्या विषयावर बोलतो, हाती घेतलेल्या कामाचा हिशेब होतो आणि जो तो आपल्या धंद्याला लागतो. हजेरी मांडली जाई. लागोपाठ चार बैठका चुकल्या तर सभासदत्व जाण्याची पाळी. मूळचा नियम असा की एका धंद्याचा एकच माणूस घ्यावा. त्यामुळे एका टेबलाशी दोन हरीफ नसत. डॉक्टरशेजारी कापडवाला आणि त्याच्याशेजारी शिक्षक येई.

१९१९ साली कलकत्त्याच्या आणि १९२९ साली मुंबईच्या क्लबाची स्थापना झाली. भायखळा क्लबासारख्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला सभासद होण्याची सोय नव्हती, त्या मुंबईत युरोपीय आणि हिंदी मंडळी दर आठवड्याला एका टेबलाशी बसून जेवू लागली. ही गोष्ट लहान नव्हे.

पण इतिहास सांगणाऱ्याने नाण्याची दुसरी बाजूही दाखवली पाहिजे. मुंबईच्या त्या जेवणाच्या दोनच वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. महाड दाभोळहून काही फार दूर नाही. १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उघडले, त्या सुमारास तेथे सहभोजने झाली, तीही विरोध सोसून. हॉटेलातल्या टेबलाशी धर्म विसरले गेले. पण तेथे बसायला आधी पैसा आणि प्रतिष्ठा लागत होती. शिवाय बायकांना रोटरीचे दार उघडले ते १९८९ साली, म्हणजे तब्बल चौऱ्याऐंशी वर्षांनी!

तरीही दर आठवड्याला भेटण्याच्या सवयीतून मोठी कामे उभी राहतात, हे खरे. १९८५ साली या संस्थेने जगातून पोलिओ घालवण्याचा विडा उचलला. सरकारे, आरोग्यसेवक आणि गावोगावच्या माताही त्यात उतरल्या. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. २०१६ पासून दर आठवड्याला बैठक घेण्याची सक्तीही सैल झाली आहे.

मग आपल्या गावाने यातून काय घ्यावे? हॉटेल नको, मेजवानी नको. शाळेचा व्हरांडा आहे, गूळ-पाणी आहे. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जमावे, एक जाणता माणूस बोलवावा, एक काम धरावे आणि पुढच्या वारी त्याचा हिशेब द्यावा. गुरुजींनी हजेरी जरूर मांडावी. फक्त आलेल्यांची नावे लिहून झाली की वही मिटू नये. कोणत्या वाडीतून कोणीच आले नाही, तेही खाली लिहावे. पुढचे बोलावणे तिथूनच सुरू करायचे आहे.